सावकाश चालवताना डीसीसी इंजिन अडखळतंय, सांध्यावर थांबतंय आणि कधी एकदम सुसाट सुटतंय

परभणी_यार्ड

नमस्कार मंडळी. वरच्या खोलीत ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर मॉडेल रेल्वेचा एचओ (खऱ्याच्या १/८७ मापाचा) लेआउट मांडलाय, डीसीसीवर चालणारा (रुळांतूनच वीज आणि डिजिटल हुकूम दोन्ही जातात). पूर्णा जंक्शनच्या धर्तीवर एक मेन लाइन, दोन लूप, एक लांब सायडिंग. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा) पाच, सगळे इन्सुलेटेड फ्रॉगचे (रूळ एकमेकांना छेदतात तो भाग प्लास्टिकचा, बिनविजेचा). रूळ निकेल सिल्व्हर, कोड १००. कमांड स्टेशन (रुळांत वीज आणि हुकूम सोडणारं यंत्र) घरीच जुळवलेलं आहे: आर्डुइनो मेगा बोर्ड, वर एल२९८ चिपची मोटर शील्ड, सॉफ्टवेअर डीसीसी-ईएक्स. पॉवरला सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर. फीडरची (रुळाला वीज देणाऱ्या वायरींची) एकच जोडी आहे, मेन लाइनच्या मधोमध.

त्रास डब्ल्यूडीएम-३ए इंजिनाला आहे. आठ पिनी सॉकेट, त्यात साधा बिनआवाजाचा डिकोडर (हुकूम वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट).

वेगाच्या १२८ स्टेपपैकी ८ ते १२ स्टेपला इंजिन झटके द्यायलंय. २५ च्या वर गेलं की बरं चालतं. दोन सांधे असे आहेत की त्यांच्यावर सावकाश गेलं की हमखास थांबायलंय, बोटानं जरा ढकललं की निघतं. आणि कधीकधी सांध्यावर शॉर्ट होऊन पॉवर जाते, परत येते, तेव्हा कंट्रोलर शून्यावर असला तरी इंजिन फुल स्पीडनं सुटतंय. दुसरं चार ॲक्सलचं डिझेल याच रुळांवर ठीक चालतं, फक्त सायडिंगच्या टोकाला मंद पडतं.

आतापर्यंत रूळ आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसले, डिकोडरच्या सेटिंगांपैकी (सीव्ही) सीव्ही २ तीनवरून वीस केला, सीव्ही ३ दहा केला. काडीचा फरक नाही. डिकोडर बदलून टाकावा का? तो महाग पडतो, म्हणून आधी विचारायलोय.

सांधेवाला_संभाजीनगर

डिकोडर बदलू नका. सीव्हीलाही अजून हात लावू नका, उलट सीव्ही २ आणि ३ होते तसे करून ठेवा. सीव्ही २ वाढवल्यानं मोटरला सुरुवातीलाच जास्त व्होल्टेज मिळतं, त्यामुळं खरा दोष झाकला जातो आणि तपासणी अवघड होते. सीव्ही ३ आणि ४ (वेग धरायला आणि सोडायला लागणारा वेळ) तपासणीपुरते शून्य करा. रुळावरची वीज क्षणभर तुटली की बरेच डिकोडर पुन्हा शून्यापासून वेग धरतात. सीव्ही ३ मोठा असेल तर एका मिलिसेकंदाच्या तुटीचं रूपांतर दोन सेकंदांच्या अडखळण्यात होतं आणि तुम्हाला वाटतं मोटर खराब झाली.

तुम्ही तीन लक्षणं सांगितलीत. माझ्या मते ती तीन वेगळ्या कारणांची आहेत, एकाच औषधानं तिन्ही जाणार नाहीत.

सगळ्यात आधी खोलीतला दिवा बंद करा, इंजिनाचा हेडलाइट चालू करा आणि ८ स्टेपला सोडा. झटका बसतो त्याच क्षणी हेडलाइट लुकलुकतो का, एवढंच बघायचं. लुकलुकत असेल तर डिकोडरलाच वीज पोचत नाहीये, म्हणजे रूळ, चाकं, पिकअप (चाकांतून वीज घेणाऱ्या पत्त्या) किंवा वायरिंग. दिवा ठाम जळतोय आणि इंजिन झटके देतंय, तर वीज ठीक आहे, दोष मोटर, गियर किंवा डिकोडरच्या मोटर नियंत्रणात आहे. एक लक्षात असू द्या, डिकोडरला स्टे-अलाइव्हचा (वीज तुटली तरी क्षणभर पुरवणारा) कपॅसिटर जोडलेला असेल तर ही परीक्षा फसते, तो काढूनच बघायची.

मग झटक्यांची जागा टिपा. रुळाच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावा, झटका बसला की पेन्सिलीनं रेघ मारा, पाच फेऱ्या करा. रेघा एकाच जागी पडल्या तर दोष रुळात. कुठंही पडल्या पण दोन रेघांतलं अंतर सारखंच साधारण ४ सेंटिमीटर निघालं तर दोष चाकात किंवा ॲक्सलच्या गियरमध्ये. खऱ्या इंजिनाचं चाक १०९२ मिमी व्यासाचं, एचओमध्ये ते साडेबारा मिमी होतं आणि त्याचा एक फेरा ३९ मिमीचा. फेऱ्याला एक झटका म्हणजे गियरला चीर किंवा दातात अडकलेला कचरा. रेघांना काहीच ताळतंत्र नसेल तर पिकअप.

आता व्होल्टेज. साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर डीसीसी मोजू नका. ती रेंज ५० हर्ट्झच्या साइन वेव्हसाठी असते आणि डीसीसीचा सिग्नल चौकोनी असतो: 'एक'च्या बिटचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंद, 'शून्य'चा किमान १००. म्हणजे साधारण ५ ते ८.६ किलोहर्ट्झ. स्वस्त मीटर तिथं काहीही आकडा दाखवतो. त्यापेक्षा १एन४१४८ चे चार डायोड घेऊन ब्रिज करा, पुढं १ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, आणि मीटर डीसीवर ठेवून मोजा. जो आकडा येईल त्यात डायोडचे १.२ व्होल्ट मिळवा, ते झालं रुळाचं व्होल्टेज. इंजिन चालू असताना फीडरपाशी मोजा आणि सायडिंगच्या टोकाला मोजा.

शेवटी नाण्याची परीक्षा. पॉवर चालू ठेवून रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. कमांड स्टेशननं तत्काळ पॉवर तोडली पाहिजे. हे फीडरपाशी करा, सायडिंगच्या टोकाला करा, प्रत्येक सांध्याच्या पलीकडं करा. एका सेकंदात ट्रिप झालं नाही तर लगेच नाणं उचला. नाण्याला हात लावताना काळजी घ्या, तापतं.

आकडे इथं टाका, मग बोलू.

कम्युटेटर_लातूर

सांधेवाला दादांनी क्रम बरोबर दिलाय. मी चाकं, पिकअप आणि साफसफाईचं सांगतो, कारण आपल्याकडं निम्मे दोष तिथंच निघतात.

आधी पिकअप. इंजिन उलटं करून मऊ फोमवर ठेवा, डिकोडर सॉकेटमधून काढा. मल्टिमीटर २०० ओहमवर. एक टोक सॉकेटच्या पिन ८ वर (लाल, उजवा रूळ), दुसरं उजवीकडच्या सहाही चाकांना एकेक करून. मग पिन ४ (काळी, डावा रूळ) आणि डावीकडची सहा. चाक बोटानं हळू फिरवत मोजायचं. रीडिंग एक-दोन ओहमच्या आत आणि स्थिर हवं. चाक फिरताना आकडा उड्या मारत असेल तर पत्ती चाकाला नीट टेकत नाही. रबराची टायर चढवलेलं चाक वीज घेत नाही, ते मोजणीतून वगळा. एखाद्या बोगीची (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याची) पूर्ण एक बाजू 'ओपन' दाखवत असेल तर तिथली वायर पत्तीच्या सोल्डरपाशी तुटलेली असते. बोगी वळणावर फिरते, वायर तिथंच वाकते आणि तिथंच तुटते. वरून प्लास्टिकचं आवरण शाबूत दिसतं, आतली तार गेलेली असते. त्या जागी नवी वायर टाकताना मऊ, बऱ्याच बारीक तारांची घ्या. जाड एकतारी वायर बोगीला वळू देत नाही आणि इंजिन रुळावरून उतरतं.

फॉस्फर ब्राँझची पत्ती चाकाच्या मागच्या बाजूला अलगद टेकली पाहिजे. जोरात दाबली तर ब्रेकसारखी काम करते आणि सावकाश चालताना नवीन झटके सुरू होतात.

आता घाण. चाकांवरचा काळा थर नखानं निघत नाही. रुळावर आयपीएनं भिजवलेला टिश्यू आडवा ठेवा, एक बोगी टिश्यूवर आणि दुसरी उघड्या रुळावर, इंजिन हातानं धरून ३० स्टेपला चालवा. टिश्यूवर दोन काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. रेघा उमटायच्या थांबेपर्यंत. घासकागद चाकाला लावू नका, त्याच्या ओरखड्यांत घाण दुप्पट वेगानं बसते. रुळालाही तेच लागू.

आयपीए ९९ टक्क्यांचंच घ्या. औषधाच्या दुकानात बऱ्याचदा ७० टक्क्यांचं मिळतं, उरलेलं पाणी असतं. सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते रुळावर पातळ थर सोडतं. वीज त्या थरातून जात नाही.

आपल्या हवेचंही सांगतो, कारण बाहेरच्या पुस्तकांत हे मिळत नाही. काळ्या मातीची धूळ बारीक असते, पंखा लावला की सगळ्या लेआउटवर पसरते. घर माळवदाचं असेल तर वरून माती झरतच राहते, लेआउटवर जुनी सुती चादर टाकून ठेवा. कापसाच्या हंगामात हवेतले तंतू ॲक्सलला गुंडाळले जातात, ते चिमट्यानं ओढून काढायचे, गियरबॉक्सच्या खालचं झाकण उघडून. आणि उन्हाळ्यात कूलर लेआउटच्या दिशेनं ठेवू नका. बोअरचं जड पाणी असतं, त्याचे बारीक तुषार रुळावर वाळले की पांढरा थर धरतो आणि तो आयपीएनं सुटत नाही. त्याला ओलं कापड, मग कोरडं कापड, आणि शेवटी आयपीए.

तेल घालताना हात आखडता ठेवा. ॲक्सलच्या टोकाला सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब, प्लास्टिकला चालणारं हलकं तेल. वर्म गियरला प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस, तेही काडीच्या टोकावर येईल तेवढंच. खोबरेल तेल नको, २४-२५ अंशांच्या खाली ते थिजतं, डिसेंबरच्या सकाळी गियर जाम होतात. जास्तीचं तेल चाकांवरून रुळावर उतरतं आणि मग सगळ्या इंजिनांना तोच आजार लागतो.

परभणी_यार्ड

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणं सगळं मोजलं.

हेडलाइट: सांध्यावर थांबताना विझतो. मोकळ्या रुळावरच्या झटक्यांत काही वेळा लुकलुकतो, काही वेळा ठाम राहतो. रेघा: दोन्ही सांध्यांवर ठरलेल्या जागी, बाकी विस्कळीत, ४ सेंटिमीटरचा हिशोब कुठंच जुळला नाही.

व्होल्टेज (१.२ मिळवून): हे एक इंजिन चालू असताना फीडरपाशी १०.१, सायडिंगच्या टोकाला ८.४. करंट साधारण ०.३ अँपिअर.

नाणं: फीडरपाशी लगेच ट्रिप. सायडिंगच्या टोकाला ट्रिप झालंच नाही, नाणं गरम झालं, उचललं.

पिकअप: मागच्या बोगीची उजवी बाजू पूर्ण ओपन. कम्युटेटर दादांनी म्हटलं तसं वायर सोल्डरपाशीच तुटलेली होती, जोडली. आता सगळी चाकं १ ओहमच्या आत. थांबणं एका सांध्यावरचं गेलं, दुसऱ्यावर अजून आहे, पण तिथं आता थांबण्याऐवजी शॉर्ट होऊन पॉवरच जाते. सीव्ही २९ वाचला, ३८ आला.

सांधेवाला_संभाजीनगर

छान मोजलंत. आता आकडे काय सांगतात ते बघा.

फीडरपाशीच १०.१ आहे, म्हणजे सुरुवातच कमी. अडॅप्टर १२ चा, एल२९८ ही जुन्या बनावटीची चिप, ती स्वतःमध्ये दोन-अडीच व्होल्ट खाते. एचओला रुळावर १३ ते १५ व्होल्ट असावेत. तुमच्या सायडिंगला ८.४ उरतात, तिथं चाकाखाली धुळीचा एक कण आला तरी डिकोडर बंद पडून पुन्हा सुरू होतो.

दुसरं, ०.३ अँपिअरला १.७ व्होल्ट गळतात. भागाकार करा, ५.७ ओहम. एवढा रोध तीन-साडेतीन मीटरच्या रुळाचा नसतो, तो रुळाचे तुकडे जोडणाऱ्या, सैल आणि काळवंडलेल्या जोडपट्ट्यांचा आहे. आणि हेच धोक्याचं आहे: १०.१ भागिले ५.७ म्हणजे पावणेदोन अँपिअर. तुमची शील्ड दोनच्या आसपास ट्रिप होते. म्हणजे सायडिंगला गाडी रुळावरून उतरून शॉर्ट झाली तर पॉवर तुटणारच नाही, १८ वॉट उष्णता त्या जोडपट्ट्यांत आणि चाकांत जिरत राहील. स्लीपर वितळतात, बोगीचं प्लास्टिक वितळतं. हे आधी दुरुस्त करा, झटक्यांचं नंतर बघू.

काम असं करा. घराच्या वायरिंगची १.५ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर घ्या, लाल आणि काळी, आणि प्लायच्या खालून पूर्ण लेआउटभर बस (वीज नेणारी मुख्य जोडी) टाका. दोन्ही वायरी एकमेकींना सैल पीळ देऊन न्या, मीटरला आठ-दहा पीळ पुरेत. दर मीटरला आणि प्रत्येक सांध्याच्या तिन्ही टोकांना ०.५ स्क्वेअर मिमीचे ड्रॉपर (बसपासून रुळापर्यंतच्या छोट्या वायरी), ३० सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत. ड्रॉपर रुळाच्या बाहेरच्या अंगाला किंवा खालून सोल्डर करा. आधी रुळाची जागा फायबर ब्रशनं चमकवा, रोझिन फ्लक्स लावा, ड्रॉपरच्या टोकाला आधीच कथील धरू द्या, मग ४० वॉटचं गरम आयर्न दोन-तीन सेकंद, बस्स. २५ वॉटच्या आयर्ननं जास्त वेळ धरून ठेवलं तर रूळ ताप वाहून नेतो आणि स्लीपर वितळतात. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले तर उत्तम.

जोडपट्ट्या सगळ्याच सोल्डर करू नका. निकेल सिल्व्हरचा मीटरभर रूळ २८ अंशांच्या फरकाला जवळजवळ अर्धा मिमी वाढतो, आणि परभणीच्या वरच्या खोलीत जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. वळणावरचे जोड सोल्डर करा, सरळ रुळांचे मोकळे ठेवा आणि त्यांत अर्धा मिमी फट राहू द्या. दोन्हीकडं ड्रॉपर असले की जोडपट्टी वीज नेते की नाही याला महत्त्वच उरत नाही.

अडॅप्टर १५ व्होल्ट ३ अँपिअरचा घ्या. पण लावण्याआधी शील्डच्या मागचा 'व्हीआयएन कनेक्ट' लिहिलेला जोड ब्लेडनं कापलाय का ते बघा. नसेल तर ते १५ व्होल्ट थेट आर्डुइनोच्या रेग्युलेटरवर जातात, त्याची शिफारस १२ पर्यंतचीच आहे. जोड कापल्यावर मेगाला वेगळी पॉवर द्या, यूएसबी किंवा ९ व्होल्टचा छोटा अडॅप्टर. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर मात्र नको, रुळावर १७ च्या आसपास येतील आणि इंजिनात कुठं १६ व्होल्टचे कपॅसिटर असतील तर ते फुटतील.

आणि सुसाट सुटण्याचं कारण सीव्ही २९ मध्ये आहे. ३८ म्हणजे ३२ (लांब पत्ता) अधिक ४ (साध्या डीसीवर चालण्याची मुभा) अधिक २ (२८/१२८ स्टेप). शॉर्टनंतर पॉवर परत येताना डिकोडरला नीट डीसीसी सिग्नल ओळखू आला नाही तर तो समजतो आपण साध्या डीसी रुळावर आहोत, आणि मिळेल तेवढ्या व्होल्टेजनं पळतो. चारचा बिट काढा, सीव्ही २९ मध्ये ३४ लिहा. छोटा पत्ता वापरणाऱ्यांनी ६ ऐवजी २.

गोदाकाठ_नांदेड

राहिलेल्या सांध्याचं मी सांगतो. थांबण्याऐवजी शॉर्ट, हे लक्षण ओळखीचं आहे. इन्सुलेटेड फ्रॉगच्या टोकाला दोन रूळ अगदी जवळ येतात आणि ते उलट ध्रुवतेचे असतात. चाकाची पट्टी रुंद असेल तर ती क्षणभर दोघांनाही टेकते. आधी मागच्या बोगीची उजवी बाजू मेलेली होती म्हणून तिथं नुसतं थांबत होतं. आता तीच चाकं जिवंत झाली आणि शॉर्ट करू लागली.

खात्री करायला अंधारात त्या जागी ठिणगी दिसते का बघा. मग दोन गोष्टी. एक, चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं मोजा, १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी-जास्त असेल तर चाक ॲक्सलवर पिरगाळत सरकवून सुधारा, सरळ ठोकू नका. दोन, फ्रॉगच्या प्लास्टिकनंतर जिथं दोन्ही रूळ सुरू होतात तिथं दोन्हींच्या माथ्यावर पाच-सहा मिमी लांबीपर्यंत पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. दोन तास वाळू द्या. थर झिजतो, काही महिन्यांनी परत द्यावा लागतो. कायमचा इलाज म्हणजे त्या दोन टोकांना बारीक करवतीनं फट पाडून मधले तुकडे सांध्याच्या मायक्रोस्विचवरून योग्य रुळाला जोडणं, पण पाच सांध्यांपैकी एकासाठी नेलपॉलिश पुरतं.

सांध्याच्या पात्याचंही बघा. बऱ्याच सांध्यांत पातं बाजूच्या रुळाला टेकतं त्या स्पर्शातूनच पुढं वीज जाते. तिथं धूळ बसली की पुढचा रूळ मेला. म्हणून वर दादांनी तिन्ही टोकांना ड्रॉपर सांगितलाय, तो टाळू नका.

आणखी एक सुचवतो, स्टे-अलाइव्ह लावून टाका. दोन-तीन मिमीच्या तुटी मग जाणवणारच नाहीत.

सांधेवाला_संभाजीनगर

गोदाकाठ भाऊ, नेलपॉलिशचं अगदी बरोबर. स्टे-अलाइव्ह मात्र आत्ताच नको असं मला वाटतं. एक तर वायरिंगचा दोष झाकला जाईल. दुसरं, फायदा किती ते मोजून बघा: २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १४ वरून ८ व्होल्टपर्यंत उतरेल, मोटर ०.२ अँपिअर घेते. ०.००२२ गुणिले ६ भागिले ०.२, म्हणजे ६६ मिलिसेकंद. इंजिन खऱ्या मापात ताशी १० किलोमीटरनं चाललंय म्हणजे मॉडेल सेकंदाला ३२ मिमी जातं, तेवढ्या वेळात २ मिमी. धुळीच्या कणाला पुरेल, मेलेल्या फ्रॉगला पुरणार नाही.

गोदाकाठ_नांदेड

हिशोब मान्य, आधी वायरिंगच व्हावं. पुढं कधी लावलाच तर हे सांभाळा: कपॅसिटर २५ व्होल्टचा, अधिक टोक डिकोडरच्या निळ्या (अधिक) वायरीला, उणे टोक डिकोडरवरच्या ग्राउंडच्या पॅडला. काळ्या वायरीला नाही! काळी वायर डाव्या रुळाची असते, ग्राउंड नव्हे, तिथं जोडलात तर कपॅसिटर फुटतो आणि डिकोडर जातो. अधिक टोकाशी १०० ओहमचा रेझिस्टर घाला, आणि त्याला समांतर १एन४००७ डायोड, पट्ट्याची बाजू निळ्या वायरीकडं. रेझिस्टर नसेल तर पॉवर चालू करतानाच कपॅसिटर एवढा करंट ओढतो की शॉर्ट समजून स्टेशन ट्रिप होतं. आणि प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर सीव्ही वाचताना तो बाजूला काढता येईल असा प्लग ठेवा. डिकोडर उत्तर देताना सहा मिलिसेकंद ६० मिलिअँपिअरचा झटका देतो, कपॅसिटर चार्ज होत असताना तो झटका स्टेशनला वेगळा ओळखू येत नाही.

परभणी_यार्ड

बस टाकली, ११ जोड्या ड्रॉपर. १५ व्होल्टचा अडॅप्टर, व्हीआयएनचा जोड कापला, मेगाला यूएसबी. आता फीडरपाशी १३.०, सायडिंगला १२.८. नाणं सगळीकडं ठेवताक्षणी ट्रिप. नेलपॉलिश दिलं, सांध्यावरचं शॉर्ट गेलं. सीव्ही २९ मध्ये ३४ लिहिल्यापासून सुसाट सुटणं एकदाही नाही.

एकच राहिलंय. ५ ते १० स्टेपला अजून बारीक थरथर आहे, हेडलाइट ठाम, जागेचा संबंध नाही. थांबायच्या आधी एक उडी मारतं.

कम्युटेटर_लातूर

हेडलाइट ठाम म्हणजे आता मोटरच्या बाजूचं. आधी यांत्रिक दोष नाही ना ते बघा. डिकोडर काढा, सॉकेटच्या पिन १ (नारिंगी) आणि पिन ५ (राखाडी) यांना ९ व्होल्टची बॅटरी, मधे मीटर मिलिअँपिअरवर. आकडा स्थिर राहिला तर गियर ठीक. ठरावीक तालानं चढ-उतार झाला तर कुठंतरी अडतंय. त्याच पिनांपासून दोन्ही रुळांपर्यंत ओहमही मोजा, 'ओपन'च यायला हवं. किंचितही रोध दाखवला तर मोटर रुळाशी कुठंतरी जोडलेली आहे आणि डिकोडर कधीही जळेल.

हे ठीक असेल तर मोटरवरचे कपॅसिटर बघा. साध्या डीसीसाठी बनलेल्या इंजिनात मोटरच्या दोन टोकांमध्ये, आणि टोकांपासून धातूच्या सांगाड्याकडं, १०० नॅनोफॅरडचे छोटे सिरॅमिक असतात, '१०४' लिहिलेले. डिकोडर मोटरला क्षणभर मोकळं सोडून तिनं निर्माण केलेलं उलटं व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून वेग ठरवतो. कपॅसिटर त्या क्षणी आपला चार्ज मिसळतो, मापन चुकतं, डिकोडर कधी जास्त तर कधी कमी रेटा देतो. सावकाश चालताना तेच थरथर म्हणून दिसतं. सॉकेटच्या बोर्डावर मोटरच्या वाटेत असलेला कपॅसिटरही बघायला विसरू नका, तो नजरेतून सुटतो. काढताना बोर्डावरची कॉइल तशीच ठेवा, अडथळा दबवायला ती पुरते.

सांधेवाला_संभाजीनगर

कपॅसिटर काढून झाले की मग सीव्ही, आणि आत्ता पहिल्यांदा. तुमचा डिकोडर कोणता ते लिहिलं नाहीत, म्हणून दोन नेहमीचे सांगतो. ईएसयू कंपनीच्या चौथ्या-पाचव्या पिढीचा असेल तर मोकळा सरळ रूळ ठेवा, दोन मीटर तरी, सीव्ही ५४ मध्ये ० लिहा आणि कंट्रोलरवरचं एफ१ बटण दाबा. इंजिन दीडएक सेकंद जोरात पळून थांबेल, त्यात तो मोटर मोजून आपली मूल्यं स्वतः लिहितो. टोकाला हात ठेवून उभे राहा. त्यानंतरही थांबायच्या आधीची उडी राहिली तर सीव्ही ५५ पाच-पाचनं बदलत जा: मोटरला मोठं फ्लायव्हील (जड चकती) असेल तर कमी, नसेल तर जास्त. झिमो कंपनीचा असेल तर सीव्ही ५६: दशकाचा अंक रेट्याचा जोर, एककाचा अंक जुन्या चुका साठवण्याचा. ५५ वरून आधी दशक एकेकानं कमी करून बघा, मग एकक. एका वेळी एकच अंक, आणि प्रत्येक बदलानंतर इंजिन दोन मिनिटं चालवून गरम झाल्यावरच निकाल ठरवा, थंड ग्रीसवर मोटर वेगळी वागते.

मग सीव्ही २ परत आणा. पहिल्या स्टेपला इंजिन जेमतेम हलेल तेवढा, सहसा १ ते ५.

परभणी_यार्ड

बॅटरीवर करंट स्थिर, रुळाशी जोड नाही. मोटरवर एक आणि बोर्डावर एक '१०४' निघाला, दोन्ही काढले. थरथर तिथंच गेली. सीव्ही ५४ ची स्वयं-मोजणी केली, उडी जरा उरली होती, सीव्ही ५५ १०० वरून ८० वर आणल्यावर तीही गेली. सीव्ही २ आता ३, पहिल्या स्टेपला चाक हलतंय. फक्त पूर्ण वेगाला आधीपेक्षा फार पळायलंय.

सांधेवाला_संभाजीनगर

रुळावर तीन व्होल्ट वाढले, म्हणून. सीव्ही ५ (पूर्ण वेगाचं व्होल्टेज) सध्याच्या तीन-चतुर्थांशावर आणा, सीव्ही ६ (मधल्या वेगाचं) त्याच्या निम्म्याहून जरा खाली. मापाच्या वेगानं पडताळा: ताशी १०० किलोमीटरला मॉडेल सेकंदाला ३२ सेंटिमीटर जायला हवं. तुमच्या सरळ रुळावर दोन मीटर मोजून खुणा करा, ते अंतर सव्वासहा सेकंदांत कापलं की झालं. सीव्ही ३ आणि ४ आता हवे तसे वाढवा.